रुग्णशय्येपाशी घडलेला वैद्य

लातूरच्या शिकवणीवर्गांत किंवा नांदेडच्या अभ्यासिकांत वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला, डॉक्टर होणे म्हणजे ठरावीक वेळेत योग्य पर्यायावर खूण करणे, असे वाटू लागले तर तो दोष त्याचा नव्हे. मात्र डॉ. भाऊ दाजी लाड यांचे चरित्र त्याच्या हाती पडावयास हवे.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. जन्म गोव्यातील पेडणे महालात, १८२२ च्या सुमारास. घरची गरिबी, पण मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत ते शिकले, तेथेच अध्यापक झाले. कच्छ-काठेवाडातील बालिकाहत्येवरील त्यांच्या निबंधास पारितोषिकही मिळाले. १८४५ मध्ये मुंबईत ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय उघडले, तेव्हा हा अध्यापक पुन्हा विद्यार्थी झाला.

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड हे एडिंबरो आणि पॅरिस येथे रुग्णशय्येपाशी वैद्यक शिकलेले गृहस्थ होते. शेजारच्याच जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाचे पहिले वैद्यही तेच. त्यामुळे व्याख्यानाची खोली आणि रुग्णाची खाट यांत अंतर उरले नाही. रुग्णाची हकीकत विचारावयाची, अंग तपासावयाचे, रोजचा फेरफार टिपून ठेवावयाचा, उपचार फसला तर त्याचे कारण शोधावयाचे, या शिस्तीत ही पहिली तुकडी वाढली. मोरहेड यांचा भारतातील रोगांवरील १८५६ चा ग्रंथ रुग्णालयातील अशाच नोंदींच्या बळावर उभा राहिला. १८५१ मध्ये आठ जण पदवीधर झाले. त्यांत भाऊ दाजी होते.

पुढे त्यांचा व्यवसाय भरभराटला, तरी धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी यांच्यासह त्यांनी धर्मार्थ दवाखाना चालविला. समाज ज्यांना दाराशी उभे करीत नव्हता, त्या कुष्ठरोग्यांवर ते उपचार करीत. पाश्चात्त्य विद्येचा हा पदवीधर देशी वनस्पतींनाही तुच्छ लेखीत नसे. त्यांचा गुण तो रुग्णावर पारखून घेई. प्राचीन शिलालेख आणि नाणी यांचे वाचनही त्याने त्याच चिकाटीने केले.

एका गोष्टीची मात्र रुखरुख वाटते. कुष्ठरोगावरील आपल्या औषधाची सविस्तर माहिती त्यांनी हयातीत प्रसिद्ध केली नाही. प्रयोग पूर्ण होण्याची ते वाट पाहत असतील. परंतु खाटेपाशी मिळविलेले ज्ञान पुढच्या वैद्याच्या हाती न पडता थांबले, तर नुकसान रुग्णांचेच होते.

त्या काळी नांदेड-लातूरचा मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालय आले ते १९५६ मध्ये, तेव्हाच्या औरंगाबादेत. नांदेडला शासकीय महाविद्यालय १९८८ मध्ये आणि लातूरला २००२ मध्ये. जागा वाढल्या, इमारती झाल्या. पण मोरहेड यांच्या रीतीला इमारतीहून अधिक लागतो तो सकाळच्या फेरीत विद्यार्थ्यांसह खाटेपाशी थांबणारा शिक्षक. त्याचे पद रिक्त राहिले की सारा भार निवासी डॉक्टरांवर पडतो. रात्रभर जागलेला तो तरुण खेड्यातून आलेल्या म्हातारीची हकीकत ऐकून घेण्यास वेळ कोठून आणणार, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला काय शिकविणार?

भाऊ दाजी ३१ मे १८७४ रोजी निवर्तले. अखेरच्या दिवसांत पक्षाघाताने ग्रासलेला हा वैद्य स्वतःच रुग्णशय्येवर होता.