हॅनोव्हरचे थिओडोर लेसिंग

जर्मनीतील हॅनोव्हर शहरी ८ फेब्रुवारी १८७२ रोजी एका यहुदी डॉक्टरांच्या घरी थिओडोर लेसिंग यांचा जन्म झाला. वडिलांप्रमाणे त्यांनीही वैद्यकीचा अभ्यास केला, पण मन रमले ते कवितेत व तत्त्वज्ञानात. तरुणपणीच त्यांचे कवितासंग्रह निघाले. १८९९ साली डॉक्टरेट मिळाली.

मधेच १८९५ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. थोड्याच वर्षांत ते स्वधर्मात परतले. आपल्यातल्याच काहींना आपल्या यहुदीपणाची लाज का वाटते, यावर त्यांनी १९३० साली पुस्तक लिहिले. स्वतः त्या वाटेने जाऊन आलेल्या माणसाचे ते लिखाण होय.

१९०७ पासून ते हॅनोव्हरच्या तंत्रशास्त्राच्या महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवीत. दुसऱ्याच वर्षी त्यांनी गोंगाटाविरुद्ध संघ काढला. रस्त्यावरचा गलका, शेजारपाजारी गालिचे झोडपणे यांनी कवीचा जीव मेटाकुटीस येई. लोक हसले. (मुंबईकर वाचक हसणार नाहीत!) महायुद्धात त्यांनी लष्करी इस्पितळात काम केले. त्यानंतर पत्नी आडा यांच्यासह लिंडेन या कामगार वस्तीत प्रौढांसाठी शाळा काढली. तिचा कारभार आडाबाईंनी १९३३ पर्यंत सांभाळला.

१९२५ साली हॅनोव्हरचेच रहिवासी असलेले वृद्ध सेनापती हिंडेनबुर्ग राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. लेसिंग यांनी प्रागच्या एका वृत्तपत्रात लिहिले की, हे गृहस्थ स्वतः निरुपद्रवी असले तरी त्यांच्या आडून उद्या एखादा जुलमी पुढे येईल. झाले! विद्यार्थी खवळले. त्यांनी तासांवर बहिष्कार घातला, आरडाओरडा करून व्याख्याने बंद पाडली, शेवटी सर्वांनी ब्राऊनश्वाइगच्या महाविद्यालयात निघून जाण्याची धमकी दिली. सहकारी प्राध्यापकही पाठीशी उभे राहिले नाहीत. १९२६ साली त्यांचे शिकवणे कायमचे थांबले.

३० जानेवारी १९३३ रोजी हिंडेनबुर्ग यांनीच हिटलरला चॅन्सेलर नेमले. मार्चमध्ये लेसिंग देश सोडून चेकोस्लोव्हाकियात गेले आणि मारीएनबाड येथे राहू लागले. ३० ऑगस्टच्या रात्री ते आपल्या अभ्यासिकेत असता नाझी मारेकऱ्यांनी खिडकीतून गोळ्या झाडल्या व ते जर्मनीत पळून गेले. दुसऱ्या दिवशी लेसिंग यांनी प्राण सोडला. वय ६१ वर्षांचे होते.

मारीएनबाडच्या यहुदी दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. हॅनोव्हरच्या त्या प्रौढशाळेला पुढे आडा व थिओडोर लेसिंग या दोघांचेही नाव देण्यात आले.