होरेस मॅन : तीन हजार शाळांचा चिटणीस

आपल्या शाळेचा अभिमान प्रत्येक विद्यार्थ्यास असतो आणि आपल्या मुलांचा अभिमान प्रत्येक आईबापांस असतो. परंतु हा अभिमान दोन तऱ्हांचा असू शकतो. जे आहे तेच उत्तम असे मानून स्वस्थ बसणारा एक, आणि आपल्या मुलांची योग्यता याहून मोठी आहे अशी खात्री बाळगून उणीव असेल ती उघड करून दाखविणारा दुसरा. पहिला ऐकण्यास गोड वाटतो. दुसरा पुष्कळदा कडू लागतो. या दुसऱ्या तऱ्हेच्या अभिमानापायी ज्याने आपली वकिली, आपली प्रकृती व आपले स्वास्थ्य खर्ची घातले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र येथे थोडक्यात सांगावयाचे आहे. तो पुरुष म्हणजे अमेरिकेतील लोकशिक्षणाचा पुरस्कर्ता होरेस मॅन.

मॅसॅच्युसेट्स हे अमेरिकेतील एक जुने संस्थान असून बोस्टन ही त्याची राजधानी. त्याचे नाव आपल्या इकडे अगदीच अनोळखी नाही. कारण १८१३ साली मुंबईस उतरलेल्या व पुढे अहमदनगरास स्थायिक झालेल्या अमेरिकन मिशनची मूळ मंडळी याच संस्थानात स्थापन झाली होती. येथील फ्रँकलिन नावाच्या खेड्यात ४ मे १७९६ रोजी होरेसचा जन्म झाला. वडील साधे शेतकरी. काम हे त्या घरात मुलांच्या पाचवीलाच पुजलेले होते. लहानगा होरेस शेतावर राबे व फावल्या वेळी टोप्यांसाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या वळी. वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत शाळा अशी त्याला वर्षातून आठदहा आठवड्यांपेक्षा अधिक कधी लाभली नाही; आणि जी लाभली तीतही पाठांतर व छडी यांवाचून फारसे काही नव्हते.

तथापि त्या खेड्याचे एक भाग्य होते. गावाने आपणांस बेंजामिन फ्रँकलिन यांचे नाव घेतले, तेव्हा प्रार्थनामंदिरासाठी त्यांनी एक घंटा द्यावी अशी अपेक्षा होती. त्या चतुर गृहस्थांनी घंटेऐवजी ११६ पुस्तके पाठवून दिली. घंटेचा नाद हवेत विरून गेला असता; पुस्तकांनी मात्र एका शेतकऱ्याच्या मुलास जगाची ओळख करून दिली. पुढे गावोगावच्या शाळांतून लहान लहान ग्रंथालये व्हावीत म्हणून मॅन यांनी जो अट्टाहास केला, त्याचे बीज येथेच पेरले गेले.

१८०९ साली वडील वारले, तेव्हा होरेस तेरा वर्षांचा होता. वीस वर्षांचा झाल्यावर त्याने एका शिक्षकाच्या हाताखाली अवघे सहा महिने कसून अभ्यास केला आणि प्रॉव्हिडन्स येथील ब्राउन विद्यापीठात प्रवेश मिळविला. १८१९ साली तो पहिल्या क्रमांकाने पदवीधर झाला. नंतर कायद्याचा अभ्यास करून त्याने वकिली आरंभिली, व १८२७ साली तो संस्थानच्या कायदेमंडळात निवडून आला. तुरुंगांत व गोठ्यांत कोंडल्या जाणाऱ्या वेड्यांसाठी वुस्टर येथे सरकारी इस्पितळ उभे राहिले, त्यामागे त्याचीच खटपट होती. परंतु सुख फार दिवस टिकले नाही. विवाहानंतर दोन वर्षांच्या आतच, १८३२ साली, त्याची तरुण पत्नी शार्लट निवर्तली. भावाच्या धंद्यास जामीन राहिल्यामुळे कर्जही अंगावर आले. या दुःखातून मॅन यांनी कामाच्याच बळावर वाट काढली, आणि १८३६ साली ते वरिष्ठ सभागृहाचे अध्यक्ष झाले.

१८३७ च्या एप्रिल महिन्यात मॅसॅच्युसेट्समध्ये शिक्षणमंडळ स्थापन करण्याचा कायदा झाला. त्याच्या चिटणिसाची जागा मॅन यांस देऊ करण्यात आली. वर्षाचे वेतन १,५०० डॉलर. अधिकार जवळजवळ शून्य. शाळा काढण्याचा, शिक्षक नेमण्याचा किंवा एक डॉलरही मंजूर करण्याचा हक्क या चिटणिसास नव्हता. त्याने माहिती गोळा करावी व ती लोकांपुढे ठेवावी, एवढेच कायद्यात लिहिलेले होते. चालती वकिली व राजकारणातील मान सोडून हे पद पत्करणे म्हणजे घरचे खाऊन लष्करच्या भाकरी भाजणे, असे मित्रांस वाटले. मॅन यांनी मात्र वकिलीच्या कचेरीस कुलूप लावले व वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी नवे आयुष्य सुरू केले.

त्या संस्थानात त्या वेळी सुमारे ३,००० सार्वजनिक शाळा होत्या. प्रत्येक गावाचे लहान लहान विभाग पाडून ज्या त्या विभागाने आपापली शाळा चालवावयाची, असा तेथील जुना रिवाज होता. लोकांस शाळेचा अभिमान होता. पण खर्चाची वेळ आली की हात आखडता घेतला जाई. श्रीमंत लोक आपली मुले खासगी शाळांत धाडीत, त्यामुळे गावच्या शाळेकडे लक्ष देण्याची त्यांस गरज वाटत नसे. मॅन घोड्यावर बसून संस्थानभर हिंडले. त्यांनी शाळांच्या खोल्या पाहिल्या, बाके पाहिली, हिवाळ्यात कुडकुडणारी मुले पाहिली. जे दिसले ते त्यांनी १८३८ साली शाळागृहांविषयीच्या स्वतंत्र अहवालात लिहून काढले. हवा, उजेड, ऊब व पाठीला टेकू असलेले बाक या गोष्टी चैनीच्या नसून शिक्षणाच्याच आहेत, हे त्यांनी लोकांस पटविले.

त्याच वर्षीच्या वार्षिक अहवालात त्यांनी वाचनाची तपासणी केली. मुले खडाखड वाचीत. पाहुणे माना डोलावीत. मॅन यांनी गावोगावच्या शाळासमित्यांकडून माहिती मागविली, तेव्हा आढळले की वाचनवर्गातील बारांपैकी अकरांहून अधिक मुलांस आपण वाचतो त्या शब्दांचा अर्थच कळत नाही. ज्यास आपण वाचन समजत होतो ती पोपटपंची होती. या एका आकड्याने पुष्कळांच्या डोळ्यांत अंजन घातले.

मुले शिकावयाची तर प्रथम शिक्षक शिकलेला हवा. म्हणून १८३८ साली एडमंड ड्वाइट या व्यापाऱ्याने १०,००० डॉलर देऊ केले, तेवढीच रक्कम कायदेमंडळाने घातली, आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टन येथे नॉर्मल शाळा, म्हणजे शिक्षक तयार करणारी शाळा, उघडली. अमेरिकेतील ती पहिली सरकारी नॉर्मल शाळा होय. पहिल्या दिवशी किती विद्यार्थिनी आल्या? अवघ्या तीन! एखादा दुसरा असता तर खचून गेला असता. पण मुख्याध्यापक सायरस पीअर्स हे मॅन यांच्याच तोलाचे होते. मिळेल ते काम त्यांनी अंगावर घेतले. लवकरच बॅरे व ब्रिजवॉटर येथेही अशा शाळा निघाल्या. विरोधकांस हा सारा खटाटोप उधळपट्टीचा वाटे. १८४० साली शिक्षणमंडळ मोडून टाकण्याचा ठराव कायदेमंडळात आला. तो फेटाळला गेला म्हणून काम वाचले. सरकारी शाळेत कोणत्याही एका पंथाची शिकवण देऊ नये हा मॅन यांचा आग्रह होता, आणि त्यामुळेही पुष्कळ धर्मोपदेशक त्यांच्यावर रुष्ट झाले.

मॅन यांस अशा कामात कमीपणा वाटत नसे याविषयी एक गोष्ट सांगतात. पिट्सफील्ड गावी शिक्षकांचे संमेलन भरावयाचे होते. पण खोली झाडलेली नव्हती. तेव्हा मॅन व संस्थानचे गव्हर्नर ब्रिग्ज या दोघांनी हाती केरसुण्या घेतल्या व खोली स्वच्छ करून ठेवली.

१८४३ साली मॅन यांनी मेरी पीबॉडी या सुविद्य बाईंशी दुसरा विवाह केला, आणि नवविवाहित जोडपे युरोपात गेले ते तेथील शाळा पाहण्यासाठी! प्रशियातील शिक्षक हातात पुस्तक न धरता, मुलांमध्ये उभे राहून शिकवितात, आणि आपण तेथील शाळांतून हिंडत असता एकही मूल रडताना आढळले नाही, हे मॅन यांनी आपल्या सातव्या अहवालात नमूद केले. बोस्टनच्या शिक्षकांस यात आपली निंदा दिसली. ३१ मुख्याध्यापकांनी १८४४ साली एकत्र येऊन त्यांच्याविरुद्ध एक पुस्तकच छापले. छडीवाचून शिस्त राहात नाही आणि आमच्या शाळा सर्वोत्तम आहेत, असा त्यांचा एकूण सूर होता.

याचा निकाल कसा लागावा? मॅन यांचे स्नेही, आंधळ्यांच्या शिक्षणासाठी प्रसिद्ध झालेले डॉक्टर सॅम्युएल ग्रिडली हौ, बोस्टनच्या शाळासमितीवर निवडून आले होते. तोपर्यंत परीक्षा तोंडी होत. समितीचे सभासद येत, दोनचार चुणचुणीत मुले उत्तरे देत, आणि सारे संतुष्ट होऊन घरी जात. १८४५ साली प्रथमच सर्व शाळांतील वरच्या वर्गांच्या निवडक मुलांपुढे एकच छापील प्रश्नपत्रिका ठेवण्यात आली. सुमारे पाचशे मुलांनी ती सोडविली. बरोबर उत्तरे शेकडा ३० च्या आसपास भरली. इतिहासातील घटनांचे सन मुलांस पाठ होते, पण व्यापारबंदी म्हणजे काय हे त्यांस सांगता येईना. मॅन यांनी हा अहवाल आपल्या नियतकालिकातून सर्वत्र प्रसिद्ध केला. आज विद्यार्थी ज्या छापील प्रश्नपत्रिकेचा धसका घेतात, तिचा अमेरिकेतील एक आरंभ हा. पण ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, ती परीक्षा मुलांची नव्हती, शाळांची होती. नापास झाली ती पद्धती. मुलांच्या बुद्धीविषयी मॅन यांस तिळमात्र शंका नव्हती. उलट, एवढ्या हुशार मुलांस आपण एवढे थोडे शिकवितो, हीच त्यांच्या मनाची टोचणी होती.

बारा वर्षांत त्यांनी बारा अहवाल लिहिले. या काळात शाळागृहांवर वीस लाखांहून अधिक डॉलर खर्च झाले, सुमारे ५० नवी हायस्कुले निघाली, शाळेचे वर्ष सरासरीने एक महिन्याने वाढले. पुरुष शिक्षकांचे वेतन शेकडा ६२ व स्त्री शिक्षकांचे शेकडा ५१ वाढले. ज्याच्या हाती हुकूम नव्हता त्याने केवळ खरी हकिकत सांगून हे घडवून आणले. पुढे १८५२ साली मॅसॅच्युसेट्सने मुलांस शाळेत पाठविणे सक्तीचे केले. अमेरिकेत असा कायदा करणारे ते पहिले संस्थान.

त्यांच्या चरित्रास एक छायाही आहे, ती लपविणे योग्य नव्हे. बोस्टनमध्ये काळ्या मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. त्याविरुद्ध चळवळ चालू असता, चिटणीसपदाचे काम धोक्यात येईल या भीतीने मॅन जाहीरपणे फारसे बोलले नाहीत, आणि गुलामगिरीच्या विरोधकांनी त्यांस त्याबद्दल दोष दिला. मात्र लेक्सिंग्टनची नॉर्मल शाळा वेस्ट न्यूटन येथे गेल्यावर तीत एका काळ्या मुलीस प्रवेश मिळाला व तिला राहावयास कोणी जागा देईना, तेव्हा मॅन दांपत्याने तिला स्वतःच्या घरी ठेवून घेतले. शाळांतील हा वर्णभेद संस्थानने कायद्याने बंद केला तो १८५५ साली.

१८४८ साली मॅन अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेले. तेथे मात्र त्यांनी गुलामगिरीविरुद्ध उघड आवाज उठविला. १८५३ साली ओहायोतील यलो स्प्रिंग्ज येथील नव्या अँटिऑक कॉलेजचे ते अध्यक्ष झाले. तेथे मुलगे व मुली एकाच अभ्यासक्रमास बसत. रिबेका पेनेल ही त्यांची भाची. लेक्सिंग्टनच्या नॉर्मल शाळेत शिकलेली. ती आता या कॉलेजात पुरुष अध्यापकांच्या बरोबरीने अध्यापिका झाली. तीन मुलींवर उघडलेल्या त्या शाळेस याहून मोठे फळ कोणते हवे होते?

कॉलेज कर्जात बुडाले होते, त्या चिंतेने मॅन यांची प्रकृती खालावली. १८५९ सालच्या पदवीदानप्रसंगी त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांस, मनुष्यजातीच्या हिताचे काही केल्यावाचून जगाचा निरोप घेऊ नका, अशा आशयाचा उपदेश केला. त्यानंतर थोड्याच आठवड्यांनी, २ ऑगस्ट १८५९ रोजी, त्यांचे देहावसान झाले. १८६५ साली बोस्टनच्या सरकारी भवनासमोर त्यांचा पुतळा उभारण्यात आला, आणि त्यासाठी शिक्षकांनी व शाळकरी मुलांनीही वर्गणी दिली.

विद्यार्थिमित्रहो, परीक्षेत कमी गुण पडले म्हणजे आपण कमी आहोत, असे समजू नका. न समजता पाठ केलेल्या उत्तरावर मात्र संतोष मानू नका. आणि पालकवर्गास एवढीच विनंती की, स्नेहसंमेलनाच्या दिवशी जशी आपण शाळेची शोभा पाहता, तशी एखाद्या साध्या दिवशी येऊन तिची बाके, तिचे ग्रंथालय व तिचे वर्गही पाहावेत. आणि घरी मुलाने वाचून दाखविले की त्याचा अर्थ त्याला विचारावा. मॅन यांनी तीन हजार शाळांसाठी जे केले ते एका शाळेसाठी आपणा सर्वांस करता येण्यासारखे आहे.