आयडा बी. वेल्स : ‘स्त्री’ या शब्दात कोणाचा समावेश?

स्त्रीवादी विचाराचा अभ्यास करताना ‘स्त्रिया’ हा एकसंध वर्ग आहे, असे आपण सहज गृहीत धरतो. पुरुषप्रधानतेचा जाच सर्वच स्त्रियांना होतो, हे खरे. परंतु तो सर्वांना सारखाच होतो का? काही स्त्रियांना मिळणारी प्रतिष्ठा इतर स्त्रियांना ती नाकारूनच उभी राहत असेल, तर स्त्रियांच्या एकजुटीचा अर्थ काय? अमेरिकेतील कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांच्या चरित्राच्या आधारे हा प्रश्न आपण समजून घेऊ.

आयडा यांचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील हॉली स्प्रिंग्ज येथे गुलाम आईवडिलांच्या पोटी झाला. १८६५ मध्ये अमेरिकेतील गुलामगिरी संपुष्टात आली आणि या कुटुंबाला शिक्षणाची वाट मोकळी झाली. मात्र १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत त्यांचे आईवडील मरण पावले. सोळा वर्षांच्या आयडा यांनी शिक्षिकेची नोकरी पत्करून धाकट्या भावंडांना सांभाळले. पुढे त्या मेंफिस येथे गेल्या.

याच काळात एका रेल्वेप्रवासात त्यांना वंशभेदाचा थेट अनुभव आला. पहिल्या वर्गाचे तिकीट घेऊन त्या स्त्रियांसाठी राखलेल्या डब्यात बसल्या होत्या. त्यांनी धूम्रपानाच्या डब्यात जावे, असे कंडक्टरने फर्मावले. त्यांनी नकार देताच त्यांना बळाने बाहेर काढण्यात आले. त्यांनी रेल्वे कंपनीवर खटला भरला व १८८४ मध्ये ५०० डॉलरची भरपाई मिळवली. पण १८८७ मध्ये टेनेसी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. येथे एक बाब लक्षात घ्या. डबा स्त्रियांचा होता आणि आयडा स्त्रीच होत्या. तरीही त्या डब्याच्या नियमातील ‘स्त्री’ गौरवर्णीय आहे, असे कंडक्टरने न बोलता गृहीत धरले होते.

१८९२ मध्ये मेंफिसमध्ये तीन कृष्णवर्णीयांची झुंडीने हत्या केली. त्यांपैकी टॉमस मॉस हे आयडा यांचे जवळचे स्नेही होते. या तिघांचा संबंध एका किराणा दुकानाशी होता आणि ते दुकान शेजारच्या गौरवर्णीय दुकानदाराच्या धंद्याला स्पर्धा करत होते. अशा हत्यांचे समर्थन एरवी गौरवर्णीय स्त्रियांच्या अब्रूरक्षणाच्या नावाने केले जाई. आयडा यांनी वृत्तपत्रांतील नोंदी तपासून दाखवून दिले की, बहुसंख्य प्रकरणांत बलात्काराचा आरोपसुद्धा नव्हता. उलट कृष्णवर्णीय स्त्रियांवर गौरवर्णीय पुरुषांनी केलेल्या अत्याचारांना शिक्षा होत नव्हती. एकीच्या ‘पावित्र्याचे’ रक्षण आणि दुसरीची असुरक्षितता या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत, हे त्यांच्या लेखनातून स्पष्ट झाले. त्या बाहेरगावी असताना त्यांच्या वृत्तपत्राचे कार्यालय उद्ध्वस्त करण्यात आले. जिवाला धोका असल्याने त्यांना मेंफिस सोडावे लागले.

१८९३ व १८९४ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये व्याख्याने दिली. तेथे त्यांचा संघर्ष फ्रान्सिस विलर्ड यांच्याशी झाला. विलर्ड या मद्यपानविरोधी महिला चळवळीच्या आणि स्त्री-मताधिकाराच्या थोर पुरस्कर्त्या होत्या. परंतु एका मुलाखतीत त्यांनी दक्षिणेतील कृष्णवर्णीय पुरुषांचे चित्र मद्यपी व स्त्रियांना धोकादायक असे रंगवले होते. स्त्रियांची चळवळ वंशद्वेषाला अशी साथ देत असेल तर ते उघड सांगितलेच पाहिजे, अशी आयडा यांची भूमिका होती.

१८९५ मध्ये फर्डिनंड बार्नेट यांच्याशी विवाह करून त्या शिकागोत स्थायिक झाल्या. १९१३ मध्ये तेथे त्यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांचा ‘अल्फा सफ्रेज क्लब’ स्थापन केला. त्याच वर्षी ३ मार्चला वॉशिंग्टनमध्ये स्त्री-मताधिकारासाठी भव्य मिरवणूक निघाली. दक्षिणेतील गौरवर्णीय स्त्रिया नाराज होतील, या भीतीने आयडा यांना इलिनॉय राज्याच्या तुकडीऐवजी शेवटी, कृष्णवर्णीय स्त्रियांसोबत चालण्यास सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही. मिरवणूक सुरू झाल्यावर त्या गर्दीतून पुढे आल्या आणि बेल स्क्वायर व व्हर्जिनिया ब्रुक्स या गौरवर्णीय सहकाऱ्यांच्या मध्ये, आपल्या राज्याच्या तुकडीतच चालल्या. या दोघींनी दिलेली साथही दुर्लक्षून चालणार नाही.

१९२० मध्ये घटनादुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला. मात्र दक्षिणेतील बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांना १९६५ च्या मताधिकार कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. आयडा यांचे निधन त्यापूर्वीच, २५ मार्च १९३१ रोजी झाले.

महाराष्ट्राच्या वाचकाला हा प्रश्न अनोळखी नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केला होता. त्याआधी, १८५५ मध्ये, त्यांच्या शाळेतील मुक्ता साळवे हिने मांग-महार स्त्रियांना बाळंतपणातही छपराचा आसरा नसतो, हे आपल्या निबंधात मांडले होते. वंश आणि जात या भिन्न व्यवस्था आहेत, हे विसरू नका. पण दोन्हींमुळे स्त्रियांमध्येच उच्चनीचता निर्माण होते. आता तुमच्या परिचयाच्या एखाद्या महिला मंडळाचा किंवा बचत गटाचा विचार करा. तेथे निर्णय कोण घेते, आणि ‘तूर्त थांबा’ असे कोणाला सांगितले जाते? तुमचे निरीक्षण दहा-बारा ओळींत लिहा.