कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशीनाथ किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ सालीं बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर येथें झाला. चित्रकार व्हावें म्हणून ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले, परंतु कांहीं रंग त्यांच्या डोळ्यांस ओळखूं येईनात. तेव्हां रंग सोडून त्यांनीं यंत्रांचीं रेखाचित्रें हातीं घेतलीं व पुढें मुंबईसच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें शिक्षकी केली. लोखंडी नांगरानें जमीन विषारी होईल, अशी शंका शेतकरी घेत. तरीहि ते डगमगले नाहींत. १९१० सालीं औंधच्या राजेसाहेबांच्या आश्रयानें त्यांनीं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली. चिरंजीव शंतनुराव यांनीं १९४६ सालीं पुण्यास तेल-इंजिनांचा कारखाना काढला. लक्ष्मणराव १९५६ सालीं निवर्तले.

आमच्या तिसगांवसारख्या अवर्षणाच्या मुलुखांत विहिरीवरील जुनें डिझेल इंजिन बिघडलें कीं पीक जातें. दट्ट्या वर चढतांना हवा तापते. तो माथ्यास पोहोंचण्याच्या किंचित् आधीं तेल उडालें पाहिजे. फार आधीं उडाल्यास इंजिन ठोके देतें. उशिरा उडाल्यास धूर ओकतें व जोर गमावतें. पुष्कळ लहान इंजिनांत तेलपंपाखालीं पातळ चकत्या असतात. एक वाढविली कीं तेल उशिरा उडतें, काढली कीं लवकर. मिस्त्री पंपाची झडप काढून गतिचक्र हातानें हळू फिरवितो व तेलाचा ओघ थांबण्याचा क्षण चक्रावरील खुणेशीं ताडून पाहतो.

केसाएवढें अंतरहि तुच्छ न मानणें, हीच कारखानदारीची शिस्त होय. विद्यार्थिमित्रहो, लक्ष्मणरावांचा हा वारसा आपण हातानें काम करूनच घ्यावा.