डॉ. होमी भाभा : अणुयुगाचे शिल्पकार आणि देखरेखीचा प्रश्न

भारताच्या अणुकार्यक्रमाचा विषय निघाला, की डॉ. होमी जहांगीर भाभा यांचे नाव प्रथम घेतले जाते. अणुभट्ट्या, प्रयोगशाळा आणि रुग्णालयांतून निघणाऱ्या किरणोत्सारी कचऱ्यावर देखरेख कोणी ठेवायची, या प्रश्नाची मुळेही त्यांच्याच कारकिर्दीत आहेत.

३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईतील सधन पारशी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले. घरच्यांच्या इच्छेनुसार त्यांनी आधी अभियांत्रिकी पूर्ण केली आणि नंतर आपल्या आवडीच्या भौतिकशास्त्राकडे वळले. विश्वकिरणांवरील संशोधनामुळे त्यांचे नाव झाले. १९३९ मध्ये ते सुटीवर मायदेशी आले असताना महायुद्ध भडकले आणि परतीची वाट बंद झाली. बंगळूर येथे डॉ. सी. व्ही. रामन यांच्या सहवासात काही वर्षे काढल्यावर, टाटा विश्वस्त निधीच्या साह्याने त्यांनी १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली.

१९४८ मध्ये अणुऊर्जा कायदा झाला. त्यातील गुप्ततेच्या तरतुदींवर काही सदस्यांनी संविधान सभेतच आक्षेप घेतला होता. तरीही विधेयक संमत झाले. त्याच वर्षी नेमलेल्या अणुऊर्जा आयोगाचे भाभा अध्यक्ष झाले. १९५४ मध्ये स्वतंत्र अणुऊर्जा विभाग निर्माण झाला, तेव्हा सचिवपदही त्यांच्याकडेच आले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी ट्रॉम्बे येथे 'अप्सरा' ही आशियातील पहिल्या काही अणुभट्ट्यांपैकी एक सुरू झाली. १९६० मध्ये 'सायरस' कार्यान्वित झाली.

सुरक्षिततेकडे भाभांनी दुर्लक्ष केले, असे म्हणता येणार नाही. किरणोत्सारी पदार्थ हाताळणाऱ्यांना वा इतर कोणालाही इजा पोहोचू नये, असा लेखी आदेश त्यांनी फेब्रुवारी १९६० मध्ये काढला. १९६२ मध्ये अणुभट्ट्यांच्या सुरक्षिततेचा आढावा घेण्यासाठी ए. एस. राव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मात्र काम करणारे आणि ते तपासणारे, दोघेही एकाच विभागाचे होते.

कमी तीव्रतेच्या कचऱ्यात दूषित हातमोजे, कपडे, गाळण्या, रुग्णालयांतील निकामी साहित्य यांचा समावेश होतो. जाळून वा दाबून त्याचे आकारमान कमी केले जाते आणि तो सिमेंट-काँक्रीटच्या खंदकांत ठेवला जातो. त्यातील सीझियम-१३७ चे अर्धायुष्य सुमारे ३० वर्षांचे असल्याने अशा जागांवर सुमारे ३०० वर्षे लक्ष ठेवावे लागते, असे मानले जाते.

येथे राज्य सरकारची भूमिका अत्यंत मर्यादित आहे. पोलादपूरहून महाडकडे वाहणाऱ्या सावित्रीच्या पाण्यात कारखान्यांचे सांडपाणी मिसळत असेल, तर नागरिकांना राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे दाद मागता येते. घातक कचऱ्याच्या नियमांतून किरणोत्सारी कचरा मात्र वगळलेला आहे. महाडमधील एखाद्या कारखान्यात वा रुग्णालयात किरणोत्सारी स्रोत असेल, तर त्यावरील नियंत्रण केंद्राच्या अणुऊर्जा नियामक मंडळाकडे असते.

हे मंडळ १९८३ मध्ये, म्हणजे भाभांच्या निधनानंतर १७ वर्षांनी अस्तित्वात आले. कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम १९८७ चे आहेत. २०१० मध्ये दिल्लीतील मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले जुने उपकरण फोडले गेले आणि एका कामगाराचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन वर्षांनी महालेखापरीक्षकांच्या अहवालाने मंडळाच्या दुय्यम दर्जावर बोट ठेवले. सुमारे ९१ टक्के वैद्यकीय क्ष-किरण केंद्रांची नोंदणीच नसल्याचेही त्यात आढळले होते.

२४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लां शिखरावरील विमान अपघातात भाभांचे निधन झाले. पुढील वर्षी ट्रॉम्बेच्या केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत करून नियामक मंडळाला वैधानिक दर्जा दिला. भाभांच्या काळात एकाच छत्राखाली राहिलेली उभारणी आणि तपासणी त्यामुळे प्रत्यक्षात किती वेगळी होते, हे मंडळाच्या यापुढील कारभारावरूनच ठरेल.