हॉल्डेन आणि रक्ताचा जमाखर्च

हिमोफिलिया म्हटले की व्हिक्टोरिया राणीचे घराणे आणि रशियाचा युवराज अलेक्सी आठवतात. पण या रोगाचा हिशेब ज्यांनी मांडला ते हॉल्डेन मात्र आम्हा कॉमर्सच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसतात. खरे तर हा गृहस्थ आमच्याच बाकावर शोभला असता!

जॉन बर्डन सँडरसन हॉल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्डला झाला. वडील शरीरशास्त्रज्ञ, खाणीतील विषारी वायूंचा ते अभ्यास करीत आणि मुलालाही सोबत खाणीत उतरवीत. (भरवेलीची खाण जवळ असलेल्या आपल्या वाचकांना या धाडसाची कल्पना येईल.) पुढे मुलाने गणित आणि ग्रीक-लॅटिन घेऊन पदवी मिळविली. विज्ञानाची पदवी त्यांच्याजवळ कधीच नव्हती. पहिल्या महायुद्धात ते दोनदा जखमी झाले. दुसऱ्या वेळी मेसोपोटेमियातून त्यांना हिंदुस्थानात पाठविण्यात आले आणि त्या मुक्कामात आपल्या मध्यप्रदेशातील महू येथे त्यांनी सैनिकांना बॉम्बफेक शिकविली.

१९३३ साली ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाले. हिमोफिलियाच्या रोग्याचे रक्त जोराने वाहते असा समज आहे, तो चुकीचा. रक्त गोठविणारा एक घटक कमी असल्याने ते थांबत नाही, एवढेच. गुडघ्यात, कोपरात आतल्या आत रक्तस्राव होऊन सांधे निकामी होतात. दोष एक्स गुणसूत्रावर असतो. स्त्रीजवळ एक्स दोन, म्हणून एक बिघडले तरी दुसरे बहुधा सांभाळून घेते, पुरुषाजवळ एकच. त्यामुळे दोष आईकडून येतो आणि भोगतो मुलगा. दोष वाहणाऱ्या आईच्या प्रत्येक मुलाला रोग होण्याचा संभव निम्मा. रोगी बापाचे मुलगे मात्र निरोगी, आणि मुली सर्व वाहक.

आता हॉल्डेन यांचा हिशेब पाहा. समाजातील एकूण एक्स गुणसूत्रांपैकी एक तृतीयांश पुरुषांजवळ असतात. त्या काळी हिमोफिलियाचे बहुतेक मुलगे बाप होण्यापूर्वीच मरत. म्हणजे दर पिढीला सदोष जनुकांचा जवळजवळ एक तृतीयांश भाग खर्ची पडत होता. खर्च असा चालू असेल तर खाते केव्हाच रिकामे व्हायला हवे. पण रोग तर कायम होता. तेव्हा जमेच्या बाजूला तेवढीच नवी भर पडत असली पाहिजे. निरोगी जनुक अचानक बदलून सदोष होते, ती ही भर. १९३५ साली त्यांनी लंडनच्या रुग्णांवरून हा वेग काढला : पिढीमागे सुमारे पन्नास हजारांत एक. डी.एन.ए.ची रचना कळायला अजून अठरा वर्षे होती! माणसाच्या जनुकातील बदलाचा वेग असा अंदाजण्याचा हा पहिलाच प्रयत्न होय.

१९४७ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. हा बदल स्त्रीपेक्षा पुरुषाच्या बीजात फार अधिक वेळा घडतो. व्हिक्टोरियाच्या बाबतीतही दोष तिच्या पित्याच्या बीजात उपजला असावा, असे त्यांचे मत होते. आपल्याकडे मुलगा आजारी निघाला की सुनेला पांढऱ्या पायाची ठरवून मोकळे होतात. त्या घरांत हा हिशेब कोणी वाचून दाखवायला हवा. आजही सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वी कोणालाच हा रोग झालेला नसतो.

हॉल्डेन स्वभावाने तापट, राजकारणात कम्युनिस्ट. १९३९ मध्ये थेटिस ही पाणबुडी बुडून ९९ माणसे दगावली, तेव्हा कारण शोधण्यासाठी ते स्वतः बंद पेटीत बसून दूषित हवा घेत राहिले. परिणामांची पर्वा त्यांनी क्वचितच केली.

जुलै १९५७ मध्ये पत्नी हेलन स्परवे यांच्यासह ते कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले. अंगात कुडता, आहार शाकाहारी, आणि पुढे भारताचे नागरिकत्व. अखेरीस भुवनेश्वरला त्यांनी प्रयोगशाळा काढली. कर्करोगाने गाठले तेव्हा त्यांनी त्या रोगावरच विनोदी कविता लिहिली. १ डिसेंबर १९६४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकिनाड्याच्या रंगराय वैद्यकीय महाविद्यालयाकडे विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी सोपविण्यात आला.