अभ्यास, अवांतर वाचन आणि मुक्तिबोध

गेल्या वर्षी नववीच्या सहामाही परीक्षेत मला गणितात ८० पैकी २३ गुण मिळाले. कारण अगदी सरळ होतं. परीक्षेआधीचे दोन आठवडे मी लाइट्स आउटनंतर पांघरुणात टॉर्च लावून 'मृत्युंजय' वाचत होतो. कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुतेपर्यंत मला थांबताच आलं नाही, आणि तोवर माझं चाक बीजगणितात रुतलं होतं. पहाटे पीटीच्या फॉल-इनला मी उभ्या उभ्या डुलक्या घेत असे. हाउस मास्टर सरांनी पुस्तक जप्त केलं आणि निकालासोबत घरी चिठ्ठी पाठवली.

दिवाळीच्या सुटीत मी दुर्गला, मोहन नगरातल्या घरी गेलो. बाबा स्टील प्लांटमध्ये शिफ्टची नोकरी करतात. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे माझ्याकडून एक शब्द घेतला, की दहावीची परीक्षा होईपर्यंत अभ्यासक्रमाबाहेरच्या एकाही पुस्तकाला मी हात लावायचा नाही. मी शब्द दिला. दिल्यावर पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

आजी शेजारीच दिवाळी अंक वाचत बसली होती. तिने अंक मिटला, चष्मा काढला आणि बाबांना सांगितलं, की सुटीच्या दिवशी याला राजनांदगावला नेऊन मुक्तिबोधांचं घर दाखवून आण. ते आपल्यासारखेच मराठी घरातले, आणि तेही नापास झाले होते. हे शेवटचं वाक्य ऐकून मी लगेच तयार झालो.

दुर्गहून राजनांदगाव रेल्वेने सुमारे ३० किलोमीटर आहे. तिथे जुन्या राजवाड्यात दिग्विजय महाविद्यालय भरतं. एका बाजूला राणीसागर, दुसऱ्या बाजूला बूढासागर असे दोन तलाव आहेत. याच वास्तूच्या एका भागात गजानन माधव मुक्तिबोध आपल्या कुटुंबासह राहत असत. आता तिथे त्यांचं स्मारक आहे. आत गोल गोल फिरत वर जाणारा एक जिना आहे. तिथे मी जे पाहिलं आणि नंतर आमच्या शाळेच्या ग्रंथालयात जे वाचलं, ते इथे सांगतो.

मुक्तिबोधांचे पूर्वज खानदेशातल्या जळगावचे. त्यांचे पणजोबा तिथून ग्वाल्हेर संस्थानात आले. गजाननचा जन्म १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला झाला. वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. घरात लाड इतके, की शिपाई-अर्दलीसुद्धा या मुलाला बाबूसाहेब म्हणत. पण वडिलांच्या सारख्या बदल्या होत आणि प्रत्येक बदलीबरोबर शाळा तुटत असे. आमच्या शाळेतल्या फौजी घरांतल्या कॅडेट्सना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्यांच्या आई पार्वतीबाई हिंदी मुलुखात वाढलेल्या, सहावीपर्यंत शिकलेल्या. पण वाचनाची आवड दांडगी होती. हिंदीतले प्रेमचंद आणि मराठीतले हरि नारायण आपटे हे दोघेही त्यांचे आवडते. आपल्याला प्रेमचंदांचं वेड आईनेच लावलं, असा लेखच मुक्तिबोधांनी पुढे लिहिला. म्हणजे घरात कडक शिस्तीचं पोलीस खातंही होतं आणि कादंबऱ्याही होत्या. त्या एका घरातून दोन भाषांचे दोन कवी निघाले. गजानन हिंदीत लिहू लागले आणि त्यांचे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीत. शरच्चंद्र मुक्तिबोधांना १९७९ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी बोलणाऱ्या माझ्यासारख्या मुलाला हे वाचून फार बरं वाटलं.

१९३० साली उज्जैनला बाबूसाहेब मिडलच्या परीक्षेला बसले आणि नापास झाले. तेव्हा ते जेमतेम १२ वर्षांचे होते. पुढे मोठेपणी आपल्या आयुष्याविषयी लिहिताना त्यांनी हे अपयश लपवलं नाही. उलट आपल्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची घटना म्हणून तेच सांगितलं. मी मात्र माझी गुणपत्रिका बॅगेत सगळ्यात खाली, बुटांच्या पिशवीखाली ठेवून घरी आणली होती.

दुसऱ्या वर्षी ते पास झाले. पुढे उज्जैनला शिकले, इंदूरच्या होळकर कॉलेजातून १९३८ साली बी.ए. झाले. १९३९ साली शांताबाईंशी लग्न झालं आणि संसार सुरू झाला. तत्त्वज्ञान, इतिहास, विज्ञान, परदेशी कादंबऱ्या असं त्यांचं वाचन चौफेर होतं. पण फक्त वाचत बसायची सोय त्यांना कधीच मिळाली नाही. शुजालपूर, उज्जैन, बनारस, जबलपूर, नागपूर अशी नोकरीसाठी गावं बदलत गेली. कधी शाळामास्तर, कधी मासिकाच्या कचेरीत, कधी सरकारी माहिती खात्यात, कधी आकाशवाणीत, कधी 'नया खून' या साप्ताहिकात. घरात मुलं होती, पगार तुटपुंजा होता आणि डोक्यावर कर्ज होतं. १९४३ साली 'तार सप्तक' या सात कवींच्या गाजलेल्या संग्रहात त्यांच्या कविता आल्या, तरी नोकरीचा घोर सुटला नाही.

कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. हवं. मग पस्तिशी ओलांडल्यावर, नोकरी आणि मुलंबाळं सांभाळून, त्यांनी नागपूर विद्यापीठाची एम.ए.ची परीक्षा दिली. ज्याच्या कविता लोक वाचत होते, तो माणूस परीक्षार्थी होऊन पुन्हा अभ्यासक्रमाची पुस्तकं घेऊन बसला. मला हा प्रसंग त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा वाटतो. अभ्यास करणं त्यांनी कमीपणाचं मानलं नाही, आणि अभ्यासासाठी आपली कविता आणि आपली पुस्तकंही सोडली नाहीत. त्या पदवीमुळेच १९५८ साली राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात त्यांना प्राध्यापकाची जागा मिळाली आणि तलावाकाठचं हे घर मिळालं. 'अंधेरे में' ही त्यांची प्रसिद्ध दीर्घ कविता इथेच पूर्ण झाली.

त्यांची आणखी एक कविता आहे, 'ब्रह्मराक्षस'. ती अवघड आहे. आमच्या हिंदीच्या सरांनी दोन तास समजावली तेव्हा मला थोडी कळली. गावाबाहेरच्या एका पडक्या विहिरीत एका विद्वानाचं भूत राहतं. जगातलं सगळं ज्ञान त्याला पाठ आहे. ते रात्रंदिवस पुटपुटतं आणि अंगावरचा मळ निघावा म्हणून स्वतःला घासत बसतं, पण मळ जात नाही आणि ते विहिरीतून वरही येऊ शकत नाही. त्याच्या ज्ञानाचा कुणाला उपयोग होत नाही. कवी त्याला हसत नाही. त्याचं अर्धं राहिलेलं काम पूर्ण करण्यासाठी त्याचा शिष्य व्हावंसं कवीला वाटतं. सर समजावत होते तेव्हा मला माझं पांघरूण आणि त्यातला टॉर्च आठवत होता. वाचलेलं विहिरीच्या तळाशी राहिलं तर त्याचं भूत होतं. ते घेऊन वर यावं लागतं, आणि वर पीटी असते, गणित असतं, घरची माणसं असतात.

मुक्तिबोधांचं पुढचं आयुष्य सुखाचं गेलं असं सांगता येत नाही. शालेय परीक्षेत नापास झालेल्या या माणसाने विद्यार्थ्यांसाठी 'भारत : इतिहास और संस्कृति' हे पाठ्यपुस्तक लिहिलं. १९६२ साली मध्य प्रदेश सरकारने त्यावर बंदी घातली. हा घाव त्यांना फार लागला. १९६४ च्या सुरुवातीला त्यांना पक्षाघात झाला. आधी भोपाळला आणि मग दिल्लीला उपचार झाले, पण ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या ४६ व्या वर्षी ते गेले. 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा त्यांचा पहिला स्वतंत्र कवितासंग्रह त्याच वर्षी छापून आला. तो हातात घेणं त्यांच्या नशिबी नव्हतं. तब्येतीकडे लक्ष देण्याच्या बाबतीत त्यांचा आदर्श ठेवू नये, हे मला बिडी ओढतानाचा त्यांचा प्रसिद्ध फोटो पाहताना वाटलं.

परतीच्या गाडीत बाबा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग त्यांनी सांगितलं, की प्लांटमध्ये लागण्याआधी तेही खूप वाचत. नोकरीत जम बसेपर्यंत पुस्तकं बाजूला ठेवू असं त्यांनी ठरवलं होतं. त्याला आता वीस वर्षं झाली. दुर्ग स्टेशन यायच्या आत त्यांनी माझा शब्द मला परत केला आणि त्या जागी दोन अटी घातल्या. प्रेपच्या वेळेत फक्त अभ्यास, आणि लाइट्स आउट म्हणजे झोप. उरलेला वेळ माझा.

कॅडेटकडे उरलेला वेळ किती असतो हे इथल्या सर्वांना माहीत आहे. मी मोजला. रविवारची दुपार आणि रोज जेवणानंतरची पंधरा-वीस मिनिटं. एवढ्या वेळात महिन्याला एक पुस्तक सहज होतं. वार्षिक परीक्षेत गणितात मला ८० पैकी ५१ गुण मिळाले. फार नाहीत, पण गुणपत्रिका या वेळी बॅगेत सगळ्यात वर होती. हाउस मास्टर सरांनी 'मृत्युंजय' परत दिलं आणि शेवट वाचून झाला का, असं विचारलं. तो तर मी पांघरुणातच वाचला होता, हे मी खरं सांगून टाकलं. सर हसले.

नियम कधीच मोडत नाही असं मी म्हणणार नाही. मागच्या महिन्यात एकदा मोडला, आणि दुसऱ्या दिवशी क्रॉसकंट्रीत त्याची शिक्षा पायांनीच दिली. टॉर्च आता ट्रेकच्या सामानात असतो. या सुटीत घरी गेलो तेव्हा बाबांच्या डब्याच्या पिशवीत आजीचा एक जुना दिवाळी अंक दिसला. मी काही विचारलं नाही. अंकात खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट मात्र बरंच पुढे सरकलेलं होतं.